पिवळ्या बसची सुप्रमा

अमेरिकेतली शाळेची बस म्हातारी झाली की तिच्यापुढे तीन वाटा असतात. एक भंगाराच्या आवाराकडे जाते. दुसरी मेक्सिको ओलांडून ग्वाटेमालात. तिथे तिला लाल-निळे-हिरवे पट्टे ओढतात, टपावर कॅरिअर बसवतात आणि आत माणसं, भाजीच्या टोपल्या, कोंबड्या असं काही ठासून भरतात की याहून शाळेची पोरं बरी होती, असं त्या बसला वाटत असावं. तिसरी वाट आमच्या भाच्याकडे येते.

भाचा सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. तिथली घरभाडी ऐकून सौ.ने आल्या आल्या विचारलं होतं, "हे महिन्याचं, की विकत?" भाचा आणि भाचेसून एकमेकांकडे बघून हसले आणि संध्याकाळचा चहा झाल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवून योजना सांगितली. शाळेची एक जुनी बस घ्यायची. आतल्या सीटा उपटून तिचं घर करायचं, म्हणजे ओटा, पलंग, न्हाणी, सगळं. मग ते घर जहाजावर चढवून प्रशांत महासागरातून हवाईच्या मोठ्या बेटावर न्यायचं, तिथल्या स्वस्तातल्या जमिनीच्या तुकड्यावर उभं करायचं आणि लॅपटॉपवर नोकरी करत जन्मभर पपया खायच्या.

हवाई अमेरिकेचंच राज्य. पण कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून सुमारे २,४०० मैल लांब, आणि मधे नुसतं पाणी.

"बस पोहत जाणार का रे?" सौ. म्हणाली.

मी मात्र गंभीर झालो होतो. माझं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. 'योजना' हा शब्द कानावर पडला की मी आपोआप खुर्चीत सरळ बसतो. विचारलं, "अंदाजपत्रक तयार आहे?" भाच्याने लॅपटॉप उघडला. त्यात बसचं एक पान, लाकडाचं एक, सौरऊर्जेचं एक, जहाजाचं एक, अशी पानामागून पानं होती आणि प्रत्येकाच्या तळाशी लाल रंगात एकूण. "हे लाल आकडे सारखे वाढतात, मामा," तो म्हणाला. त्या क्षणी हा मुलगा मला आपला वाटला. त्याला सुप्रमा समजावून सांगितली. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. मूळचा खर्च चुकला होता असं कुठेही न म्हणता नवा खर्च मंजूर करून घेण्याची कला. महाराष्ट्रातल्या कित्येक धरणांच्या भिंतींना जेवढं सिमेंट लागलं नसेल, तेवढा कागद त्यांच्या सुप्रमांना लागला आहे. भाच्याने लगेच नवं पान उघडून त्याला 'सुप्रमा १' असं नाव दिलं. आणि मी योजनेचा मानद सल्लागार झालो.

सल्लागाराचं पहिलं काम स्थळपाहणी. बस बघायला आम्ही सॅन वाकीन खोऱ्यात निघालो. जुन्या बस तिथेच बघायच्या याला कारण आहे. बर्फाच्या मुलखात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते मीठ बसचा तळ खालून खात जातं. वरून नवरीगत दिसणारी बस खालून चाळणी निघते. कोरड्या हवेतली बस घेतली तर पत्रा शाबूत मिळतो. वाटेत कॅलिफोर्निया ॲक्वेडक्ट लागला. ४४४ मैलांचा कालवा! काठ नीट बांधलेले, कुठे झुडूप नाही, कुठे म्हैस नाही, कुणाचा गुपचूप टाकलेला पाइप नाही. मी गाडी थांबवायला लावली. पुढचा बराच वेळ सगळे गाडीत बसून होते आणि मी कालव्याकडे बघत होतो. "मामा, बस पाचला बंद होतील," भाचा म्हणाला. बस बंद होत नाहीत, आवार बंद होतं. पण मी मुद्दा सोडून दिला.

आवारात बस रांगेने उभ्या होत्या. त्या पिवळ्या रंगाचीही एक फाइल आहे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात फ्रँक सायर नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने परिषद भरवली आणि देशभरच्या शाळेच्या बसना एक रंग, एक माप ठरवून घेतलं. तोवर कुठे शेतावरच्या गाड्यांतून पोरं शाळेत जात, कुठे हव्या त्या रंगाच्या बसमधून. पहाटेच्या अंधूक उजेडात काळी अक्षरं ठळक दिसतात म्हणून हा पिवळा निवडला. सबंध देश एका रंगावर एकमत झाला आणि ते मत अजून टिकून आहे, हे ऐकून मला त्या परिषदेचं इतिवृत्त वाचावंसं वाटलं. आता अडचण अशी, की बस शाळेतून निवृत्त झाली की तो रंग तिने सोडायचा, असा बऱ्याच राज्यांत कायदा. 'स्कूल बस' ही अक्षरं पुसायची, लुकलुकणारे दिवे बंद करायचे, कुशीतून बाहेर येणारी 'थांबा'ची पाटी काढायची. नाहीतर भाचा पपया आणायला निघायचा आणि मागच्या सगळ्या गाड्या आदराने थांबायच्या.

भाचा बसखाली शिरला. फक्त बूट दिसत होते. आतून मधूनमधून "डीटी ४६६!" असा उद्गार येई. हे इंजिनाचं नाव आहे. पुढच्या बसखालून "कमिन्स, पाच पॉइंट नऊ!" असं ऐकू आलं तेव्हा आवाज जरा घोगरा झाला होता. मी भाचेसुनेला विचारलं, "लग्न ठरलं तेव्हा असा आवाज काढला होता का?" ती म्हणाली, "नाही. तेव्हा त्याने व्हिसाचं विचारलं होतं."

आवाराचा मालक टोपी मागे सारून आमच्याकडे आला. कुठे नेणार म्हणून विचारलं. भाचा बसखालूनच म्हणाला, "हवाईला." मालकाने पश्चिमेकडे बघितलं, मग टायरांकडे बघितलं, आणि म्हणाला, "टायर चांगले आहेत." एवढंच. धंद्यातला माणूस. गिऱ्हाइकाच्या स्वप्नात तो उगीच पाय घालत नाही.

परतताना भाच्याने इतिहासाचा आधार घेतला. १९६४ साली केन केसी नावाचा कादंबरीकार आणि त्याचं टोळकं १९३९ सालची शाळेची बस रंगवून कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला गेलं होतं. बसच्या कपाळावरच्या पाटीवर गावाचं नाव नव्हतं, 'फर्दर' एवढंच लिहिलेलं, तेही स्पेलिंग चुकवून. असल्या पाटीची गाडी स्वारगेटच्या फलाटावर लागली असती तर चौकशी खिडकीवर काय झालं असतं, याचा मी थोडा वेळ विचार केला. मग विचारलं, "त्या बसचं पुढे काय झालं?" भाचा गप्प बसला. भाचेसून म्हणाली, "ऑरेगनमध्ये त्याच्या शेतातल्या दलदलीत गंजत पडली."

मग आराखडा. पूर्ण लांबीची बस म्हणजे चाळीस फूट लांब आणि आठ फूट रुंद. भाच्याने इमारतीच्या वाहनतळावर खडूने आखून दाखवली. ड्रायव्हरच्या मागे बैठक, मग ओटा, मग न्हाणी, शेवटी पलंग. सौ. खडूच्या दारातून आत गेली (मी भिंतीवरून गेलो तेव्हा सगळे ओरडले), खडूच्या ओट्यापाशी उभी राहिली, काल्पनिक पोळी लाटली आणि निकाल दिला, "कोपर न्हाणीत जातंय." न्हाणी दीड फूट मागे सरकली. मागे चाकांचे उंचवटे आहेत. बसला चाकं असतात हे आराखडा करणारे नेमके विसरतात, आणि मग ते उंचवटे कपाटात लपवावे लागतात. कपाट आलं तसा पलंग मागच्या दाराबाहेर गेला. रात्री शेजाऱ्याने आपली टोयोटा आणून आमच्या शयनगृहात लावली.

त्यातच साताऱ्याहून आक्का व्हिडिओवर आली. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भाच्याची आई. तिने सगळं शांतपणे ऐकून एकच प्रश्न विचारला, "स्वयंपाकघर आग्नेयेला आहे ना?" भाचा म्हणाला, "आई, ती बस आहे. वळली की दिशा बदलते." आक्का म्हणाली, "मग वळू नका." पुढे वाटाघाटी झाल्या. बस शेवटी बेटावर उभीच राहणार आहे, तेव्हा ती तिथे जशी उभी राहील त्या हिशोबाने इथे ओटा बसवायचा, असं ठरलं. जमिनीवर बस कुठल्या तोंडाने आत शिरेल हे त्यासाठी आधी बघून यायला हवं. अशा रीतीने आमच्या हवाई प्रवासाला तांत्रिक मान्यता मिळाली ती वास्तुशास्त्राच्या शीर्षाखाली.

त्याआधी छताचा प्रश्न निघाला. भाचा सहा फूट दोन इंच. बसचं छत मधोमध त्याच्या केसांना लागतं. त्यात उकाड्यासाठी खाली-वर फोमचा थर मारला की तो कायम वाकूनच राहणार. यावर हौशी मंडळींचा उपाय भयंकर आहे. खिडक्यांच्या पातळीवर बसच्या फासळ्या आडव्या कापायच्या, वरचा अर्धा भाग जॅकवर उचलायचा आणि मधे नवं लोखंड जोडून पुन्हा वेल्डिंग करायचं. बस दोन फूट उंच होते. व्हिडिओत हे बघताना सौ.ने डोळे झाकून घेतले होते.

दोन फुटांची खरी किंमत कळली ती जहाज कंपनीला फोन केल्यावर. बाईंचा आवाज गोड होता. त्यांनी बसचं नाव-गाव, इंजिन, भाच्याचं स्वप्न यातलं काही विचारलं नाही. लांबी, रुंदी, उंची विचारली. एवढ्या मोठ्या वाहनाचं भाडं घनफुटावर. आयुष्यभर मी घनफुटांतच जगलो, पण आमचा घनफूट अब्जांत असतो. कोयना धरण १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट. हे घनफूट मात्र चिल्लर असून महाग होते. चाळीस गुणिले आठ गुणिले साडेदहा, ३,३६० घनफूट. छत दोन फूट उचललं की आणखी ६४०. बरोबर ४,०००. आलेला आकडा बसच्या किमतीहून मोठा होता. भाच्याच्या डोक्यावर जी दोन फूट मोकळी जागा राहणार, तिचंही वेगळं भाडं. हवाईला हवा न्यायचे पैसे!

मी म्हटलं, अमेरिकेच्या बंदरात जगभरची जहाजं लागतात, त्यातलं एखादं स्वस्त जहाज बघा. तेव्हा १९२०च्या जोन्स कायद्याची ओळख झाली. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं हवं, मालक अमेरिकन हवा, निशाण अमेरिकन आणि खलाशीही बहुतेक अमेरिकन. त्यामुळे या वाटेवर जाणारी जहाजं मोजकी. विल्यम मॅटसन १८८२ साली 'एमा क्लॉडिना' हे शिडाचं जहाज भरून सॅन फ्रान्सिस्कोहून हिलोला गेला तेव्हा हा कायदा नव्हता. त्याला वारा तेवढा लागत होता.

मग अटी. गाडीत पाव टाकीपेक्षा जास्त डिझेल नको. गॅसची टाकी रिकामी. बस स्वतःच्या पायांनी जहाजावर चढली पाहिजे. चाकांना, तळाला मातीचा कण नको, कारण मातीतून किडे-बिया बेटावर जातात. आणि सगळ्यात शेवटची अट : आत कुठलंही सामान नको.

"पण ते घर आहे," भाचा फोनवर म्हणाला.

"बसवलेलं असेल ते चालेल," बाई म्हणाल्या, "सुटं नको."

त्या रात्री भाच्याने 'बसवलेलं' नावाचं नवं पान उघडलं. जे ठोकलंय ते घर, जे सुटं ते सामान, असा सिद्धान्त त्याने मांडला. म्हणजे ठोकत सुटायचं. कपाटं ठोकायची, टेबल ठोकायचं, मिक्सर ओट्याला स्क्रूने आवळायचा, मिसळणाचा डबा मांडणीला. सौ. ऐकत होती. म्हणाली, "पोळपाट ठोकशील रे. लाटणं?"

लाटण्याने योजना अडली ती अडलीच. घर इथे बांधून न्यावं तर भाडं जास्त आणि भांडी मागे. रिकामी बस नेऊन घर तिकडे बांधावं तर लाकूड, प्लायवुड, नळ, सगळं तिकडे महाग, कारण तेही याच जहाजांतून गेलेलं असतं. बरं, कॅलिफोर्नियात तिच्या कागदावर 'हाऊस कार' असं लिहून घ्यायचं तर शिजवायची, झोपायची, राहायची कायम सोय करून दाखवायला हवी. तेव्हा सरकारला पटवायचं की हे घर आहे. जहाजाला पटवायचं की हा रिकामा डबा आहे. आणि बेटावर उतरल्यावर पुन्हा म्हणायचं की ही गाडी आहे; हवाईत गाडीची दरवर्षी तपासणी होते आणि कर वजनावर बसतो. माझ्या नोकरीत मी एकच बंधारा तीन खात्यांपुढे तीन नावांनी उभा राहिलेला बघितलाय. पण त्या बंधाऱ्याला समुद्र ओलांडायचा नव्हता. सुप्रमा ४.

होनोलुलूला विमान बदलून आम्ही हिलोला उतरलो. पाऊस पडत होता. हिलोत वर्षाला सुमारे सव्वाशे इंच पाऊस पडतो, म्हणजे ३,२०० मिलिमीटरच्या आसपास. तिथले लोक छत्रीही उघडत नाहीत. गाडी भाड्याने घेऊन पुना भागाकडे निघालो. पुना! आक्काला फोनवर वाटलं आम्ही घरी परत आलो.

पुन्यात जमीन स्वस्त का, हे जमीन बघताच कळतं. माती नाहीच. काळा लाव्हा, त्याच्या भेगांतून नेचे आणि रानपेरू. १९५० आणि ६०च्या दशकांत या लाव्ह्यावर रेघा मारून हजारो भूखंड पाडले आणि लांबच्या लोकांना विकले. कित्येकांनी ते कधी पाहिलेही नाहीत. भूगर्भवाल्यांनी बेटाचे लाव्ह्याच्या धोक्यानुसार नऊ विभाग केलेत. एक नंबर सगळ्यात धोक्याचा. भाच्याची जमीन दोन नंबरात. "पहिली श्रेणी थोडक्यात हुकली," भाचेसून म्हणाली. तिथून जवळच २०१८च्या मे महिन्यात लेलानी वसाहतीत रस्त्यांना भेगा पडून लाव्हा वर आला आणि पुढच्या काही महिन्यांत सातशेच्या आसपास घरं गेली.

"म्हणूनच बस," भाचा विजयाने म्हणाला. "लाव्हा आला की किल्ली फिरवायची आणि निघायचं."

शेजारच्या भूखंडावरचे गृहस्थ कुंपणाशी येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "कुठल्या रस्त्याने?" २०१८ साली लाव्ह्याने रस्तेही तोडले होते, किनाऱ्याचा मोठा रस्तासुद्धा. आपण आधी निघावं असं घराला वाटतं, पण बरेचदा रस्ता आधी जातो. मग ते आम्हाला त्यांच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे एक बस होती. होती असं म्हणायचं कारण, एका खिडकीतून पेरू आत गेला होता आणि दुसऱ्या खिडकीतून बाहेर आला होता. टायर जमिनीत बसलेले. "शेवटची कधी सुरू केली?" भाच्याने विचारलं. गृहस्थ विचारात पडले आणि त्यांनी आम्हाला पपई दिली.

या बेटावर बाहेरून आलेल्यांची कमी नाही. गवतातून तुरुतुरु एक मुंगूस गेलं, तेव्हा सौ. "अगबाई, शुभशकुन!" म्हणाली. ते आपलंच. १८७२ साली कलकत्त्याहून काही मुंगसं जमैकाला नेली, उसातले उंदीर मारायला. तिथून १८८३ साली हवाईच्या ऊसमळेवाल्यांनी आणली. उंदीर रात्री बाहेर पडतो, मुंगूस दिवसा. दोघांची गाठ क्वचितच पडली आणि दोघंही सुखाने नांदले. अंधार पडल्यावर "को-की, को-की" सुरू झालं. हे पोर्तो रिकोचे बेडूक, १९८०च्या दशकाच्या अखेरीस रोपवाटिकेच्या झाडांतून आलेले. पेराएवढा जीव, पण आवाज नव्वद डेसिबलपर्यंत जातो. मुंगसाला पाव टाकी डिझेलची अट नव्हती आणि बेडकाचे पाय कुणी धुऊन घेतले नव्हते. म्हणूनच आता बसचे टायर धुवायचे.

मला मात्र त्या जमिनीवर आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आपली गरज आहे असं वाटलं. तिथे नळ नाही. बहुतेक लोक छपरावरचा पाऊस टाकीत साठवून वापरतात. म्हणजे बसचं टप हे पाणलोट क्षेत्र! मी कागद मागितला. चाळीस गुणिले आठ, ३२० चौरस फूट, म्हणजे तीस चौरस मीटर. त्यावर ३,२०० मिलिमीटर. वार्षिक येवा सुमारे ९५ हजार लिटर, रोजचे २६० लिटर. पंचाहत्तर टक्के विश्वासार्हता धरली, टपाच्या गोलाईतून उडणारं पाणी वजा केलं, तरी दोन माणसं, एक पाहुणा आणि आक्काचं सोवळं एवढं भागतं. खात्यात असताना माझं कुठलंच धरण इतक्या नेमाने भरलं नव्हतं. भाच्याचे डोळे चमकले. त्याने लगेच छत दोन फूट उचललं तर पाणी किती वाढेल म्हणून विचारलं. उंचीने येवा वाढत नाही, हे मी त्याला जड मनाने सांगितलं.

दिशाही ठरली. बस रस्त्यावरून मागे घेत आत घालावी लागेल, त्यामुळे ओटा ड्रायव्हरच्या बाजूला. आक्काला फोटो पाठवला. तिने अंगठा दाखवला. एक मान्यता मिळाली. दुसऱ्या बाजूने भाचेसुनेने एक कायदा शोधून काढला. हवाईत संध्याकाळी सहा ते सकाळी सहा सार्वजनिक रस्त्यावर किंवा जागेत गाडी लावून तिच्यात राहता येत नाही, मग ती राहण्यासाठी बनवलेली का असेना. बंदरात उतरली की बसने दिवेलागणीच्या आत घरी आलं पाहिजे, आमच्या काळी मुलींना असायची तशी ताकीद. आणि स्वतःच्या जमिनीवर उभी केली की काउंटीचा बांधकाम विभाग विचारणार, ही गाडी की घर? उत्तर काहीही दिलं तरी एक फॉर्म आहेच.

परतीच्या वाटेवर पाहोआ गावात जेवायला थांबलो. लाकडी फळ्यांचे पदपथ, रंगीत दुकानं. २०१४ साली लाव्हा या गावाच्या अगदी वेशीवर, कचरा केंद्रापाशी येऊन थांबला होता. तिथे बसून भाचा पुन्हा हिशोब सांगू लागला. बस कॅलिफोर्नियात घ्यायची, छत तसंच ठेवायचं, ओटा बसवायचा, लाटणं पोस्टाने पाठवायचं, होनोलुलूहून दुसऱ्या बार्जवर चढवून हिलो... सौ.चं लक्ष रस्त्याकडे होतं. समोरून एक पिवळी बस आली, थांबली, कुशीतून 'थांबा'ची पाटी बाहेर आली आणि दप्तरं पाठीला लावलेली पोरं उतरली.

"काय रे," सौ. म्हणाली, "इथे शाळा आहेत?"

"आहेत की, मामी."

"मग इथल्या बसही म्हाताऱ्या होत असतील."

टेबलावर शांतता पसरली. भाचेसून बशीतल्या भाताकडे बघत राहिली. तिचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. भाचा त्या बसकडे बघत होता. ती निघून गेली तरी बघत होता. शेवटी म्हणाला, "समुद्राची हवा आहे, मामी. इथल्या पत्र्याला गंज असतो. कोरड्या भागातली बस..."

"आणि कोरड्या भागातली बस इथे आणून समुद्राच्या हवेत उभी केली की?"

यावर भाच्याने लॅपटॉप काढला. मला वाटलं, योजना गुंडाळली. पण त्याने नवं पान उघडलं, 'स्थानिक बस' असं नाव दिलं आणि पहिल्या रकान्यात लिहिलं, गंज. मला बरं वाटलं. योजना अशी एका प्रश्नाने मेली असती तर आमच्या खात्यात कुणाला पेन्शन मिळाली नसती. सल्लागार म्हणून माझा अभिप्राय त्याने मागितला. मी जुन्या सवयीने पानाच्या कोपऱ्यात लिहिलं : पाहिले. दोन्ही पर्यायांचे तुलनात्मक विवरण जोडून फेरसादर करावे.

विमानात भाचा आराखडा मांडीवर घेऊन बसला होता. मधेच मागे वळून म्हणाला, "मामी, तुम्ही दोघं याल ना राहायला? तुमचा पलंग कुठे घालू? अजून काही ठोकलेलं नाही, सांगा."

सौ.ने फार विचार केला नाही. सातारा-पुणे मार्गावर अर्धं आयुष्य काढलेली बाई ती.

"खिडकीशी घाल," ती म्हणाली. "आणि हे बघ, चाकावर नको."